टोकियोंतील जुनी पिशवी

परदेशास जाऊन आलेल्या मनुष्यानें तेथील मंदिरें, उद्यानें, आगगाड्या व पर्वतशिखरें ह्यांचें वर्णन करावें, असा प्रघात आहे. जपानांत मींही हें सर्व पाहिलें. फूजी पर्वतानें एके सकाळीं पांच-सात मिनिटें दर्शन देण्याची कृपाही केली. परंतु परत आल्यापासून घरीं येणाऱ्या-जाणाऱ्यास मी जी हकीकत सांगत असतों, ती फूजीची नव्हे. एका जुन्या हातपिशवीची आहे. मॅट्रिकच्या पुढें पाठशाळेंतील काव्य-व्याकरणाखेरीज कांहीं न शिकलेल्या, साठी उलटलेल्या मास्तरानें बायकांच्या पिशव्यांवर लेखणी चालवावी, हें वाचकांस विचित्र वाटेल. मलाही वाटतें, पण इलाज नाहीं.

आमचा मुलगा टोकियोंत संगणकाच्या कामावर आहे व सूनबाईही तेथेंच एका कचेरींत नोकरी करते. 2025 च्या मार्गशीर्षांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे सहा आठवडे राहिलों. त्यांचें बिऱ्हाड शहराच्या पूर्वेकडील एदोगावा विभागांत, निशिकासाई येथें आहे. सन 2000 च्या सुमारास संगणकतज्ज्ञ भारतीय मंडळी ह्या भागांत येऊन राहूं लागली, आणि आतां तेथें तुरीच्या डाळीपासून हिंगापर्यंत सर्व मिळतें. जिन्यांत मराठी कानांवर पडलें तर कोणी वळूनही पाहत नाहीं. घराजवळून तोझाई नांवाची भुयारी रेल्वे जाते. भुयारी म्हणावयाची एवढेंच. निशिकासाईस ती उंच खांबांवर चालते, आराकावा नदी ओलांडते, आणि मगच भूमिगत होऊन शहराच्या पोटांतून पश्चिमेस नाकानोपर्यंत पोंचते. आमचें सारें टोकियो ह्या एका रेल्वेनें शिवलेलें होतें.

ह्याच मार्गावर कुदानशिता स्थानक आहे. तेथें उतरून थोडें चाललें कीं जिंबोचो नांवाची पेठ लागते. जुन्या पुस्तकांचीं शंभराहून अधिक दुकानें एका ठिकाणीं! बहुतेक दुकानें रस्त्याच्या दक्षिण बाजूस असून त्यांचीं तोंडें उत्तरेस आहेत, कारण पुस्तकांवर ऊन पडूं नये. हें कळलें तेव्हां मला त्या अनोळखी दुकानदारांविषयीं अतिशय ममत्व वाटलें. अक्षर एक लागत नसतां मीं तेथें तीन दुपारी घालविल्या. आमचें सारें आयुष्य अप्पा बळवंत चौकांतील जुन्या पुस्तकांवर गेलें. जुन्या कागदाच्या वासास भाषा लागत नाहीं.

एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर सूनबाई म्हणाली, "बाबा, शनिवारीं आपण नाकानोला जाऊं. मला एक जुनी बॅग घ्यायची आहे."

"जुनी कां?" मीं विचारलें. "दोघेही मिळवतां. दुसऱ्या बाईनें वापरून टाकलेली पिशवी घेण्याची पाळी कां यावी?"

"नवी दीड लाखाच्या घरांत जाते, बाबा. जुनी वीस-बावीस हजारांत मिळते."

पिशवीस दीड लाख! माझ्या तोंडून शब्द निघेना. मग मुलानें मला समजावून सांगितलें, तें थोडक्यांत असें. लुई व्हितों नांवाच्या पेट्या करणाऱ्या कारागिरानें 1854 सालीं पॅरिसमध्यें दुकान घातलें. त्याच्या मालाच्या नकला फार होऊं लागल्या, म्हणून त्याचा मुलगा जॉर्ज ह्यानें 1896 सालीं आद्याक्षरें व चार पाकळ्यांचीं फुलें असलेलें कापड काढलें. हीं फुलें जपानी घराण्यांच्या कुलचिन्हांवरून सुचलीं असें पुष्कळ लोक म्हणतात. तें खरें असो वा नसो, जपानी लोकांस ती नक्षी आपलीच वाटली खरी. 1978 सालीं ह्या पेढीचीं दुकानें जपानांत निघालीं. 1985 नंतर येनची किंमत झपाट्यानें चढली, जमिनीचे व शेअरांचे भाव गगनास भिडले, आणि कचेरींत काम करणाऱ्या मुलींच्याही खांद्यांवर पॅरिसच्या पिशव्या दिसूं लागल्या. 1990 नंतर तो फुगा फुटला. कपाटांत पिशव्या राहिल्या, पगार मात्र पूर्वीसारखे राहिले नाहींत. तेव्हां त्या पिशव्या हळूहळू कपाटांतून निघून बाजारांत आल्या. जगांतील गिऱ्हाईक आज जुनी पिशवी घेण्यास टोकियोस येतें त्याचें मूळ येथें आहे.

हें सर्व ऐकूनही माझें मन घेईना. आपल्या घरांत थोरल्या भावाचा सदरा धाकट्यास घालतात, परंतु परक्याचें वापरलेलें घेणें म्हणजे दैन्य, अशी माझी समजूत. मी तसें बोललोंही. तेव्हां इतका वेळ वाती वळीत बसलेल्या आमच्या सौभाग्यवती मान वर न करितां म्हणाल्या, "आणि तुमचा आपटे हो कोणाचा?"

वाचकांस सांगितलें पाहिजे कीं, वामन शिवराम आपटे ह्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश माझ्या मेजावर गेलीं चाळीस वर्षें आहे, तो मीं जुना घेतलेला आहे, आणि त्याच्या पहिल्या पानावर कोणा दुसऱ्याच गृहस्थाचें नांव सुरेख बोरूनें लिहिलेलें आहे. मी गप्प बसलों.

सौभाग्यवतींचा आक्षेप निराळा होता: चामड्याचा. त्यावर सूनबाईनें सांगितलें कीं, दिसतें तें चामडें नव्हे. तें सुती कॅनव्हास असून त्यावर रासायनिक लेप दिलेला असतो. "आणि मुठी?" ह्या प्रश्नास मात्र तिनें प्रामाणिकपणें "मुठी आणि कडा गाईच्या कातड्याच्या असतात, आई," असें उत्तर दिलें. ह्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं "देवाकडच्या खोलींत आणूं नकोस म्हणजे झालें," असा निकाल लागला. पायांत वहाणा कशाच्या असतात हा विचार माझ्या मनांत आला होता, पण तो मीं मनांतच ठेवला.

शनिवारीं आम्ही नाकानोस गेलों. स्थानकाच्या उत्तरेस सन मॉल नांवाची छप्पर घातलेली पेठ आहे व तिच्या टोकास नाकानो ब्रॉडवे ही 1966 सालीं बांधलेली इमारत. तिच्यांत जुनीं घड्याळें, जुनीं खेळणीं, जुनीं चित्रपुस्तकें, काय वाटेल तें मिळतें. पुण्याचा जुना बाजार कोणीं धुऊन, पुसून, कांचेच्या कपाटांत मांडला तर असा दिसेल. आम्हांस जावयाचें होतें तें दुकान ह्या इमारतींत नव्हतें, बाजूच्या गल्लींत होतें. दारावर निळा पडदा, आणि पडद्यावर वर्तुळांत एकच चिन्ह काढलेलें.

"हें गहाणवटीचें दुकान," सूनबाई म्हणाली. "ह्या अक्षराला शिची म्हणतात. शिची म्हणजे गहाण. आणि तेंच अक्षर शित्सु असं वाचलं कीं अर्थ होतो गुण, दर्जा."

मी दारांतच उभा राहिलों. एकाच अक्षरांत गहाण आणि गुण! लगेच मला आपली भाषा आठवली. संस्कृतांत गहाण ठेवलेल्या वस्तूस आधि म्हणतात, आणि आधि-व्याधींतील मनाच्या पीडेसही आधिच म्हणतात. वैयाकरण दोहोंची व्युत्पत्ति निरनिराळी लावतात. पण ज्यानें कधीं घरांतील वस्तु गहाण ठेविली आहे त्यास ते दोन शब्द निराळे वाटणार नाहींत. हें मी अनुभवानें बोलत आहें. तो अनुभव पुढें येईल.

आंत जागा लहान, पण कमालीची स्वच्छ. माझ्याच वयाचा एक गृहस्थ पांढरे हातमोजे घालून बसला होता. त्याच्या पाठीमागें भिंतीवर परवान्याचा क्रमांक लावलेला. जुन्या मालाचा व्यापार करणारास तेथें 1949 च्या कायद्यान्वयें पोलिसांमार्फत परवाना घ्यावा लागतो. माल विकणारा कोण हें पाहून वहींत नोंद ठेवावी लागते. चोरीचा माल फिरूं नये हा हेतु. आपल्या स्मृतिकारांनीं ह्यास अस्वामिविक्रय असें नांव देऊन त्याचें स्वतंत्र प्रकरण केलें आहे. हलक्या माणसाकडून, एकांतांत, फार कमी किंमतीस, अवेळीं जो घेतो तो चोरच समजावा, असें याज्ञवल्क्य म्हणतो. जुन्या बाजारांत सायकलचा दिवा घेतांना मला हें वचन पुष्कळदां आठवलें आहे, आणि दिवाही मीं पुष्कळदां घेतला आहे.

गहाणवटीचा कायदा निराळा, तो 1950 सालचा. सोडवून नेण्याची मुदत तीन महिन्यांहून कमी ठेवतां येत नाहीं. मुदत सरली कीं वस्तु दुकानदाराची. पण मग कर्जही फिटलें, कोणी दारीं येत नाहीं. याज्ञवल्क्याच्या काळीं मुद्दल दुप्पट होईपर्यंत अवकाश असे.

दुकानदारानें कापड घातलेल्या तबकांत चार पिशव्या आणून ठेविल्या. प्रत्येकीस एक चिठ्ठी बांधलेली. ह्या धंद्यांत मालाच्या प्रती इंग्रजी अक्षरांनीं सांगतात: एस म्हणजे जवळजवळ नवी, मग ए, एबी, बी, आणि शेवटीं सी. परंतु नुसतें अक्षर लिहून तो थांबला नव्हता. आम्हीं पाहिलेल्या एका पिशवीच्या चिठ्ठीवर जें होतें तें सूनबाईनें मला वाचून दाखविलें: खालचे चारी कोपरे घासलेले, मुठींवर पाण्याचे डाग, साखळीची ओढणी मूळची नाहीं, आंतील खिशाचें अस्तर चिकट झालें आहे, हात घालूं नये. किंमत करासह 38,500 येन, म्हणजे आपले सुमारें बावीस हजार रुपये.

मीं असा विक्रेता पाहिला नव्हता. ज्या दोषांचा गिऱ्हाइकास पत्ता लागला नसता ते त्यानें आपण होऊन, सुवाच्य अक्षरांत लिहून, वस्तूच्या गळ्यांत बांधले होते. त्यानें अस्तर उलटून दाखविलें. त्या काळच्या पिशव्यांचें हें अस्तर दमट हवेनें विरघळतें, असें तो म्हणाला. मग एक कातड्याची पट्टी दाखविली. तिजवर दोन अक्षरें व 0968 हे आंकडे उठविलेले होते. पहिला व तिसरा आंकडा मिळून महिना, दुसरा व चौथा मिळून वर्ष: 1998 चा जून. आपल्या ज्योतिष्यांच्या कटपयादि संकेताची आठवण झाली. ही खूण 1980 नंतरच्या दशकांपासून घालीत. 2021 पासून तिच्या जागीं न दिसणारी इलेक्ट्रॉनिक चकती बसवितात. "पण आंकडे कोणीही उठवील," असें म्हणून त्यानें भिंगाखालीं टांके दाखविले, आणि पिशवी फिरवून विचारलें, "ह्या बाजूचीं अक्षरें कशीं आहेत?"

उलटीं होतीं! मी मनांत म्हटलें, सांपडला. तो हंसला. ही पिशवी कापडाच्या एका अखंड तुकड्याची, तळाशीं जोड नाहीं. कापड खालून वळून दुसऱ्या बाजूस वर चढतें, म्हणून एका बाजूची नक्षी उलटी येणारच. दोन्ही बाजू सरळ असत्या तर मात्र शंका घ्यावी. जन्मभर मुलांच्या उत्तरपत्रिकांत नक्कल शोधण्यांत गेलेला मी, ह्या परीक्षेंत नापास झालों.

येथें एक विषयांतर करितों. 2025 च्या जुलैंत पॅरिसमध्यें एका जुन्या पिशवीचा लिलांव झाला. एर्मेस पेढीनें जेन बर्किन नांवाच्या नटीसाठीं केलेली ती पहिली पिशवी. तिनें ती 1994 सालीं एड्सच्या रोग्यांच्या साहाय्यार्थ देऊन टाकिली होती. तिजवर ओरखडे होते, चिकटविलेल्या चिठ्ठ्यांच्या खुणा होत्या. ती सुमारें 86 लाख युरोंस गेली, आणि घेणारी होती जुन्या मालाचाच व्यापार करणारी एक जपानी कंपनी! पॅरिसमध्यें डागांनीं भाव चढला, नाकानोस डागांनीं उतरला. डाग कोणाच्या हातचा, ह्यावर हें अवलंबून दिसतें.

आतां मुख्य गोष्ट. सूनबाई पिशवी खांद्याला लावून आरशांत पाहत असतां सौभाग्यवती एकाएकीं म्हणाल्या, "त्यांना विचार, जिची होती ती सोडवायला आली नाहीं का?"

सूनबाई चांचरली, पण तिनें विचारलें. दुकानदारानें हातमोजे काढले, किंचित् मान लवविली, आणि म्हणाला, "कोणाची तें सांगतां येत नाहीं. मुदतीनंतरही आम्ही थोडे दिवस वाट पाहिली."

सौभाग्यवतींनीं कां विचारलें तें त्या दुकानांत मला एकट्यालाच ठाऊक होतें. 2004 सालीं मुलाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पहिली फी भरण्यास पैसे कमी पडले, तेव्हां मीं त्यांच्या माहेरच्या पाटल्या एका पेढीवर गहाण ठेविल्या. दिवाळीपर्यंत भविष्यनिर्वाह निधींतून उचल मिळेल व त्या सोडवूं असा अंदाज होता. उचल लांबली. पेढीचीं दोन पत्रें आलीं. तीं मीं कोशांत घालून ठेविलीं. पैसे घेऊन गेलों तेव्हां पाटल्या विकल्या गेल्या होत्या. पेढीचें वर्तन कागदोपत्रीं चोख होतें. माझें नव्हतें. त्यानंतर वर्षभर, पाटल्या कोठें आहेत असें त्यांनीं विचारलें कीं मी "बँकेच्या पेटींत आहेत" म्हणून सांगत असें. वर्गांत सत्यं वद शिकवून घरीं येत असें आणि हें सांगत असें. पुढें एका संक्रांतीस सारें सांगून टाकावें लागलें. त्या रागावल्या नाहींत, रडल्या नाहींत. त्यानंतर सुमारें वीस वर्षें त्या पाटल्यांचें नांव आमच्या घरांत निघालें नाहीं. मुलासही ती गोष्ट ठाऊक नव्हती.

ती चिठ्ठी अजून माझ्या हातांत होती. कोपरे घासलेले, मुठींवर डाग, अस्तर चिकट.

सौभाग्यवतींनीं पिशवी हातांत घेतली. मुठींकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. हें कातडें नवें असतां फिकट असतें व हाताच्या घामानें आणि उन्हानें मधासारखें गडद होत जातें. म्हणजे जी बाई ती वापरीत होती तिच्या मुठीचा आकारच तेथें उमटलेला होता. मग त्या माझ्याकडे न पाहतां म्हणाल्या, "माझ्या पाटल्याही अशाच कोणाच्या तरी हातांत असतील. वापरीत असली म्हणजे झालं. घे ग ही."

मुलानें "कसल्या पाटल्या?" असें विचारलें. मीं त्यास घरीं गेल्यावर सांगेन म्हटलें, आणि सांगितलें.

पैसे देतांना आणखी एक लहानसा प्रसंग झाला. परदेशी प्रवाशानें पारपत्र दाखवून पांच हजार येन किंवा त्याहून अधिक खरेदी केली तर शेंकडा दहा कर माफ होत असे. मात्र वस्तु देशाबाहेर नेली पाहिजे. दुकानदारानें आमच्याकडे पाहून पारपत्र आहे का म्हणून विचारलें. माझ्या खिशांत होतें. साडेतीन हजार येनांचा प्रश्न. परंतु पिशवी टोकियोंतच राहणार होती. ती सूनबाईच्या नांवावर करासह घेतली. ह्यांत मीं कांहीं मोठें केलें असें नाहीं. त्या चिठ्ठीपुढें दुसरें कांहीं करण्याचा धीरच झाला नाहीं.

घरीं आल्यावर सौभाग्यवतींनीं आपल्या पेटींतून, सूनबाईसाठीं आणलेल्या खणांपैकीं एक जांभळा इरकली खण काढला. दोन दिवस दुपारीं खिडकीशीं बसून त्यांनीं पिशवींतील तो चिकट खिसा उसवून काढला आणि खणाचा नवा खिसा शिवून बसविला. शिवतांना मुठींस हात लागत होता. त्याबद्दल त्या कांहीं बोलल्या नाहींत, मींही बोललों नाहीं. मूळच्या टांक्यांच्या भोकांतूनच सुई घालावयाची असा त्यांचा हट्ट होता. "असें केल्यानें हिची प्रत आणखी उतरली, आई," असें सूनबाई हंसून म्हणाली. मूळ अस्तर बदललें कीं ह्या बाजारांत किंमत कमी येते म्हणे. "विकायची आहे का तुला?" एवढेंच त्यांनीं विचारलें.

आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशीं मी कांहीं किरकोळ खरेदीस सूनबाईबरोबर तोझाई रेल्वेनें ओतेमाचीपर्यंत गेलों. सकाळची वेळ, गर्दी अशी कीं हात हलवितां येईना. समोर, बाजूला, जिकडे पाहावें तिकडे बायकांच्या खांद्यांवर पिशव्या, आणि त्यांत दोन-तीन तर ह्याच नक्षीच्या. सूनबाईनें तिकिटासाठीं पिशवी किंचित् उघडली, तेव्हां आंतून जांभळ्या खणाचा एक बोटभर काठ दिसला. शेजारीं उभ्या असलेल्या एका वृद्ध जपानी बाईनें तो पाहिला, मग सूनबाईकडे पाहिलें, आणि कांहींतरी विचारलें. सूनबाईनें उत्तर दिलें. पुढचें स्थानक येईपर्यंत दोघी त्या काठाविषयींच बोलत होत्या; मला त्यांतला "ओकासान" हा एकच शब्द कळला. ओकासान म्हणजे आई.